पटक्यातला केक

सन एकोणीसशे शेहेचाळीस. मी एकवीस वर्षांचा होतो आणि माझं म्हणणं बरोबर होतं. यातल्या साल आणि वय या दोन गोष्टी सगळ्यांना मान्य आहेत. तिसरीवर आमच्या घरात अजून वाद चालतो.

माझी शाळा दुसरीपर्यंत. मास्तरांनी हाकललं असं सांगणारे एकदोन म्हातारे आमच्या गावात, उंब्रजात, अजून जिवंत आहेत, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका. मी आपणहून सोडली. मला पाटीवरच्या अक्षरांपेक्षा गुऱ्हाळाच्या चुलवाणातला जाळ लवकर वाचता यायचा, आणि ज्याला जाळ वाचता येतो त्याचं पाटीवाचून काही अडत नाही.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस कढत असतो, तेव्हा त्या मोठ्या कढईपुढं, काहिलीपुढं, उभा राहून पाक झाला की नाही, काहील उतरवायची की नाही, हे जो सांगतो तो गुळव्या. त्याचा शब्द शेवटचा. ज्याचा ऊस असेल त्या मालकानंसुद्धा मधे बोलायचं नसतं. मी बोललो.

दिवाळी होऊन गुऱ्हाळ लागलं होतं. एका दुपारी मी म्हणालो, "आबा, उतरवा. पाक झाला."

आबा म्हणाले, "न्हाई झाला."

"झालाय. मला वास आलाय."

"तुला वास येतोय तो तुझ्या शानपनाचा. गप उभा ऱ्हा."

मी गप उभा राहिलो नाही. मी गड्यांना हाळी दिली आणि काहील उतरवली. आता तो गूळ घट्ट झाला नाही, ढेप उभी केली की दमलेल्या म्हशीसारखी खाली बसायला लागली, ही गोष्ट खरी. पण त्याचं कारण ऊस कोवळा होता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगतो.

आबांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "काहिलीजवळ दिसलास तर तंगडं मोडीन."

"मग मी सांगलीला जातो. तितं माझं मी बघंन."

"जा की. चुलवाण इझायच्या आत म्हागारी येशील."

"मी येत न्हाई. तुमालाच यावं लागंल मला बघायला."

"मी आलो तर तुला गाडीत घालून न्यायलाच यीन, ध्यानात ठेव."

गुऱ्हाळावरचे सगळे हसले. रस प्यायला आलेल्या बायकासुद्धा हसल्या. मी दसऱ्याला आबांनीच घेऊन दिलेला पांढरा, तांबड्या किनारीचा पटका डोक्याला बांधला, धडुतं काखेत मारलं आणि निघालो. आता परत जायचं म्हणजे त्या सगळ्यांच्या पुढनं जायचं. त्यापेक्षा मी कृष्णेत उडी टाकली असती, फक्त मला पोहायला चांगलं येत असल्यामुळं त्याचा उपयोग नव्हता.

सांगलीत एका बेकरीवाल्या चाचांना भट्टीवर माणूस पाहिजे होता. चाचा उंच, वाळके, दाढीवर कायम मैदा. त्यामुळं ते खरे किती म्हातारे हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी विचारलं, "काय येतं तुला?"

मी म्हणालो, "जाळ."

"जाळ सगळ्यांनाच येतो रे."

"सगळ्यांना लावता येतो. मला सांभाळता येतो."

चाचांनी मला भट्टीपुढं उभं केलं. मी लाकडं मागं सारली, निखारा पसरला, तोंडावर पत्रा लावला. त्या दिवशीचे पाव असे फुगले की चाचांनी घरात हाक मारून चाचींना दाखवले. चाची म्हणजे त्यांची घरवाली. बेकरीच्या मागच्या बाजूला घर, मधे एक दार, त्या दारात पडदा, आणि पडद्याआडनं चाचींचा आवाज. बेकरी खरी त्या आवाजावर चालायची. मला नाव असताना त्या दोघांनी पहिल्या दिवसापासून मला "गुळव्या" म्हणायला सुरुवात केली. गावात ते नाव मिळायला मला अजून वीस वर्षं लागली असती, म्हणून मी ते ठेवून घेतलं.

पाव, बटर, नानकटाई यांत कसली अडचण नव्हती. अडचण आली नाताळ जवळ आल्यावर. माधवनगरच्या गिरणीतल्या एका मोठ्या साहेबाचा बबर्ची आला आणि त्यानं आठ केक सांगितले. सांगलीत तेव्हा केक करणारे फार नव्हते. चाचा लढाईच्या दिवसांत पुण्याच्या कॅम्पात राहून शिकून आले होते. बबर्ची जाताना म्हणाला, "केक सबंध पाहिजे. फुटका चालणार नाही. साहेब सगळ्यांना वाटणार आहे."

चाचांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून आठ नवे चौकोनी डबे करून आणले. दिसायला चांदीचे. चाचांनी त्यांना आतनं तूप चोपडलं, केकचं पीठ ओतलं, मी भट्टी राखली. केक असे फुगले की बघत राहावं. मग चाचांनी डबा उपडा केला. काही नाही. ठोकला. काही नाही. चाचांनी सुरी घातली आणि केक तीन हप्त्यांत बाहेर आला. बूड डब्यातच.

"तूप कमी पडलं," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तूप जास्त लावलं. ते केकनं पिऊन टाकलं आणि केक परत चिकटला. तिसऱ्यांदा तुपावर कोरडा मैदा भुरभुरला. तो एका बाजूला ढीग होऊन बसला आणि उरलेल्या तीन बाजूंनी केक चिकटला.

तो फुटका माल वाया जात नव्हता, ही त्यातली एक गंमत. विश्रामबागेच्या कॉलेजातली पोरं आधी एकदोन आली, मग बातमी पसरली आणि दुपारी कागदाच्या पुड्या घेऊन रांग लागायला लागली. "चाचा, आज फुटला का?" असं आनंदानं विचारायची. चाचांच्या जिवाचं पाणी व्हायचं. मैदा, साखर सगळं रेशनचं. साहेबाचे केक द्यायचा दिवस उद्यावर आला आणि केकचं सामान राहिलं दोन घाण्यांपुरतं.

मग मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं, पण मी विचारायची वाट बघणारा माणूस नव्हे.

मी म्हणालो, "चाचा, तुमी उगं तूप नासताय. आमच्याकडं गुळाची एवढी मोठी ढेप बादलीतनं अशी सटकन निघती. गुळाएवढं चिकट दुनियेत काय हाय का?"

"नाही."

"मग बादलीला काय लावत्यात? तूप? तेल? कायबी न्हाई. आत वलं फडकं घालायचं, वरनं गूळ वतायचा. उपडी केली की ढेप खाली. फडकं सोलून काढायचं."

चाचांनी दाढी खाजवली. पडद्याआडनं चाचींचा आवाज आला, "अगं बाई! त्याचं ऐकू नका हं."

आता चाची असं म्हणाल्या नसत्या तर चाचांनी कदाचित ऐकलं नसतं. पण नवराबायकोत तसंच असतं. चाचा म्हणाले, "गुळव्याची सात पिढ्यांची विद्या आहे. बघू या."

फडकं पाहिजे होतं. बेकरीतलं एक फडकं भट्टी पुसून काळं झालेलं, दुसरं त्याच्याहून काळं. साहेबाच्या केकला ते लावणं मला पटेना. मी डोक्याचा पटका सोडला. मलमलीचा, पांढराशुभ्र, लांबलचक. आठ तुकडे फाडताना जिवाला थोडं लागलं, पण मला वाटलं, ह्या पटक्यानं नाव निघणार आहे. तुकडे पाण्यात बुडवून पिळले, डब्यात नीट बसवले, वर पीठ ओतलं आणि मी स्वतः लांब फावड्यानं आठही डबे भट्टीत सारले.

भट्टी उघडली तेव्हा केक फुगलेले होते. मी डबा उपडा केला आणि तो केक सटकन बाहेर आला. मी चाचांच्याकडं बघितलं. चाचांनी वर बघून हात जोडल्यासारखं केलं. मी पडद्याकडं बघून मोठ्यानं म्हणालो, "निघाला!"

मग मी फडकं सोलायला गेलो.

ते सोलेना. पाणी केव्हाच उडून गेलं होतं आणि पीठ मलमलीच्या प्रत्येक छिद्रातनं आत जाऊन तिथंच भाजलं होतं. मी एक टोक ओढलं तर केकची कातडी आली. दुसरं टोक ओढलं तर अर्धा केक आला. चाचांनी दुसरा डबा उघडला, तिसरा उघडला. आठही केक पटका नेसून बसले होते आणि कुणी सोडायला तयार नव्हता.

पडद्याआडनं चाची हळू आवाजात म्हणाल्या, "गुळव्या, गूळ शिजून येतो आणि मग फडक्यात जातो. हा कच्चा जातो आणि फडक्यात शिजतो. कळलं का?"

मला त्याच वेळी कळलं होतं, पण मी म्हणालो, "फडकं अजून वलं पायजे हुतं."

दुपारी कॉलेजची पोरं आली. फडक्यावरनं सुटेल तेवढा तोही माल त्यांनी घेतला. एकानं तोंडातनं लांब दोरा ओढून काढला आणि विचारलं, "चाचा, हा खायचा का शिवायचा?"

पोरं हसत असतानाच दारात अंधार झाल्यासारखं झालं. बघतो तर आबा.

गुळाच्या गाड्या घेऊन ते सांगलीच्या पेठेत आले होते. माल उतरवून, विचारत विचारत बेकरीपर्यंत पोचले. हातात बैलांचा चाबूक तसाच. त्यांनी भट्टीकडं बघितलं नाही, पावाकडं बघितलं नाही. माझ्या डोक्याकडं बघितलं.

"मी जिता हाय न्हवं?" आबा म्हणाले.

"व्हय आबा."

"मग डोस्कं कुणाच्या नावानं उघडं टाकलंस?"

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाप जिवंत असताना पोरानं बोडक्यानं हिंडायचं नाही. बोडकं डोकं म्हणजे घरात कुणीतरी गेलं. कॉलेजची पोरं तेवढं समजून पुड्या घेऊन पटापट सटकली.

"पटका कुठं हाय?" आबांनी विचारलं.

मी भट्टीकडं वळलो. चाचा भला माणूस, त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी आबांच्यापुढं परात केली. परातीत केक, आणि केकच्या अंगावर माझा पटका.

आबांनी एक तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला. कडेची तांबडी किनार ओळखली. मग ते मैद्याच्या पोत्यावर बसले आणि हसायला लागले. आबांना हसताना मी त्याआधी फारसं बघितलं नव्हतं आणि बघायची हौसही नव्हती.

"ढेप समजून फडकं घातलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"गुऱ्हाळात पाक कच्चा काढतोस, हितं कच्च्याला फडकं घालतोस. लेका, तुझं समदंच कच्चं. चल, धडुतं घे. उद्या पहाटं गाडी जुपतोय."

"मी येत न्हाई."

"का?"

"केक शाबूत काढल्याबिगार मी हितनं हालणार न्हाई."

"आनि न्हाई निघाला तर?"

"निघंल."

"न्हाई निघाला तर गाडीत बसायचं. वाटंत जे गाव लागंल तितं उतरून मी सांगनार, ह्यानं केकला पटका बांधला. कबूल?"

वाटेत किती गावं लागतात ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "कबूल. आनि निघाला तर?"

"निघाला तर ऱ्हा हितंच. मी परत नाव काढनार न्हाई."

चाचा मधेच म्हणाले, "पाव्हणं, सामान एकाच घाण्याचं राहिलंय."

"एकच बास हाय," आबा म्हणाले आणि पोत्यावर मांडी घालून बसले. भट्टीच्या धगीनं घाम यायला लागला तसा त्यांनी आपला पटका काढून मांडीवर घेतला. बापानं बोडकं बसलेलं चालतं, त्याचा नियम कुणी केलेला नाही. चाचांनी त्यांना चहा दिला. थोड्याच वेळात दोघं माझ्याबद्दल असे बोलायला लागले की जणू मी त्या दोघांनी मिळून घेतलेला एक अडेल बैल आहे.

"ऐकतो का कुणाचं?" चाचांनी विचारलं.

"छे. जन्मल्यापासनं न्हाई."

"आमचंही नाही ऐकत. पण जाळ चांगला राखतो."

"जाळ राखतो. तेवढं माझंच हाय."

हे शेवटचं मी ऐकलं. पण ऐकलं नाही असं दाखवलं.

मी रिकाम्या डब्याकडं बघत उभा राहिलो. डब्याला काही चिकटू नये म्हणून आणखी कोण काय करतं? मला आमची आई आठवली. चुलीवर भांडं चढवायच्या आधी ती त्याच्या बुडाला बाहेरनं राखमातीचा लेप द्यायची. काजळी लेपावर बसायची, भांड्यावर नाही. घासायला घेतलं की लेप निघायचा आणि लेपाबरोबर काजळी. म्हणजे चिकटणाऱ्याला दुसरं काहीतरी चिकटायला द्यायचं आणि मधल्या मधे भांडं सोडवायचं.

मी ओरडलो, "चाचा! माती!"

चाचांचा चहा सांडला. "कुठं माती?"

"डब्याला आतनं मातीचा लेप द्यायचा!"

आबा पोत्यावरनं म्हणाले, "झालं. सायबाला माती चारतोय."

पण पडदा हलला. पहिल्यांदा चाचींचा हात बाहेर आला, बांगड्यांनी भरलेला, आणि त्या हातात वाडगा. "माती कशाला?" चाची म्हणाल्या. "लेपच द्यायचा तर खायच्या वस्तूचा दे. मैदा घे, वनस्पती तूप घे, गोडं तेल घे. सगळं सारखं. नुसतं तूप केक पिऊन टाकतो. नुसता मैदा पळून जातो. दोघांना एकत्र घोट म्हणजे कुणी जागचं हलणार नाही."

आता घरात वाद चालतो म्हणालो तो इथला. माझी सून म्हणते, लेप चाचींनी शोधला. मी म्हणतो, लेप माझा, चाचींनी फक्त माती बदलली. सुनेनं बाजारातनं न चिकटणारा तवा आणलाय, त्यामुळं तिला या विषयात बोलायचा अधिकार नाही.

मी वाडग्यात मैदा, वनस्पती आणि तेल घेतलं आणि हातानं घोटायला लागलो. आधी गुठळ्या झाल्या. मग पिवळट चिखल झाला. मी थांबलो तर पडद्याआडनं आवाज आला, "घोट." अजून घोटलं. "घोट." हात भरून आला. शेवटी ते पांढरं झालं, हलकं झालं, ताज्या लोण्यासारखं बोटाला लागायला लागलं. मी दोन्ही हातांनी उचललं आणि डब्याला थापायला लागलो.

"अरे, डब्याचं लगीन आहे का?" चाचा म्हणाले. "हळद लावतोय जणू! पातळ लाव, पातळ."

"कोपऱ्यात बोट घाल," चाची म्हणाल्या. "मोडतो तो कोपऱ्यात मोडतो."

"बुडाला दे," आबा म्हणाले. मग त्यांना आठवलं की आपण विरुद्ध बाजूचे आहोत, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी एका बोटानं आठ डब्यांचे सगळे कोपरे फिरलो. पत्रा आता धुक्यातनं दिसावा एवढाच दिसत होता. मग चाचांनी पीठ ओतलं. ओतताना भांडं शेवटपर्यंत निपटून घेतलं, कारण ते खरोखरच शेवटचं होतं. मी डबे आत सारले आणि पत्रा लावून भट्टीपुढं बसलो.

गुऱ्हाळात आबांनी मला हात लावू दिला नव्हता, ती जागा इथं माझी होती. निखारा कुठं फुललाय, कुठं बसलाय, सगळं मी बघत होतो. आबा पोत्यावरनं उठून कधी माझ्या शेजारी येऊन बसले मला कळलं नाही. पत्र्याच्या फटीतनं वास यायला लागला.

आबा हळूच म्हणाले, "झाला गा."

मी म्हणालो, "न्हाई झाला."

"वास आलाय मला."

"तो वास दुसरा. गप बसा आबा."

आणि आबा गप बसले. आयुष्यात एवढं मोठं राज्य मला पुन्हा मिळालं नाही. मी मुद्दाम थोडा जास्तच वेळ लावला असं माझी बायको म्हणायची. तिनं ते बघितलेलं नाही, तिचं माझं लगीन नंतर झालं.

शेवटी मी डबे बाहेर काढले. चाचांनी ओट्यावर एक थाळी मांडली. "जरा निवू दे. मग डबा थाळीवर उपडा ठेव, बोटानं हळू टकटक कर."

निवेपर्यंत मी थांबलो, तेवढं मला कळतं. पण थाळी मला मान्य नव्हती. टकटक तर मुळीच नव्हती. ढेप कधी कुणी टकटक करून काढली आहे का? ढेप काढणारा गडी बादली छातीएवढी उचलतो, हवेत उपडी करतो आणि बुडावर एक थाप देतो. आबांच्या देखत मी थाळीवर बोटं वाजवणार नव्हतो.

मी डबा उचलला. चाचा म्हणाले, "अरे, खाली!" मी तो हवेत उपडा केला आणि थाप द्यायला हात वर नेला.

थाप द्यायची वेळच आली नाही. डबा उपडा झाल्याक्षणी केक त्यातनं असा सुटला, जसा शाळा सुटल्यावर मी सुटायचो. माझा हात अजून वर होता आणि केक खाली चालला होता. चाचा ओरडले. चाची ओरडल्या. चाचींना पडद्याआडनं सगळं दिसायचं.

आणि आबा पुढं झाले. सगळा जन्म ढेपी झेलण्यात गेलेला माणूस. विचार करायला वेळ लागला नाही, हातात होता तो आपला पटका त्यांनी झोळीसारखा पसरला आणि दोन्ही पाय रोवून ढेपेचं वजन घ्यायला अंगात जोर आणला. केकला कुठलं ढेपेचं वजन? तो पटक्यात पडला, आबांच्या जोरानं परत वर उडाला, चाचांच्या दाढीएवढा वर गेला, आणि आबा "आरं आरं आरं" करत दोन पावलं नाचले आणि त्यांनी तो दुसऱ्यांदा झेलला.

चाचा धावत जवळ आले.

आबांनी पटका उघडला. केक शाबूत होता. चारी कोपरे, बूड, कडा, सगळं. चाचांनी तो उलटा करून बघितला, जसं व्यापारी बैलाचे खूर बघतो तसं. मग डब्यात बघितलं. डब्यात चुरासुद्धा नव्हता. पत्रा तसाच चकचकीत, वर लेपाचा पुसट थर.

"या अल्ला," चाचा म्हणाले.

उरलेले सात थाळीवर काढले. चाचींनी मला डब्याला हात लावू दिला नाही. सगळे टकटक न करता निघाले, हे मात्र लक्षात ठेवा.

आबा परत पोत्यावर जाऊन बसले होते. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो. "निघाला."

"बघितलं."

"शाबूत निघाला."

"मी झेलला म्हनून शाबूत."

"डब्यातनं शाबूत निघाला. झेलायचं आपलं ठरलं न्हवतं."

आबांनी बराच वेळ चाबकाची वादी चाचपली. मग म्हणाले, "ऱ्हा मग हितंच." आणि माझ्याकडं न बघता, "ते पांढरं... गुळाच्या बादलीला चालंल का?"

आयुष्यभर वाट बघितलेली संधी होती. मी म्हणालो, "आबा, गूळ शिजून येतो आनि मग बादलीत जातो. त्याला वलं फडकंच बरं."

"ते मला सांगतोस व्हय रं?" आबा ओरडले, आणि त्या ओरडण्यानं मला बरं वाटलं.

चाचांनी त्यांना नानकटाया बांधून दिल्या. साहेबाच्या केकला हात लावायचा नव्हता. आबांनी बोटाला लागलेला केकचा कण तेवढा चाटून बघितला आणि सांगितलं, "गूळ घातला असता तर खायच्या लायक झाला असता."

निघताना त्यांनी आपला पटका डोक्याला बांधायला घेतला, तर मधोमध तुपाचा चौकोनी डाग, केकच्या मापाचा. त्यांनी तो उन्हाकडं धरून बघितला. "हे काय बांधू मी? तेलकट केलास." आणि माझ्या अंगावर फेकला. "ठेव तुला. बोडका फिरू नगंस. मी जिता हाय."

"मग तुमी?"

पडद्याआडनं चाचींचा हात परत बाहेर आला. दुपारपासनं त्या काय करत होत्या ते तेव्हा कळलं. माझ्या पटक्याचे आठही तुकडे त्यांनी सोड्याच्या गरम पाण्यात भिजवले होते, नखानं केक खरवडून काढला होता, भट्टीच्या घराकडच्या भिंतीवर वाळवले होते आणि जोडून शिवले होते. पटका झाला होता. थोडा आखूड, कडेला भाजल्यानं तपकिरी आणि वेलदोड्याचा वास येणारा.

आबांनी तो वास घेतला. "गावात कुनी इचारलं तर काय सांगू?"

चाचा म्हणाले, "सांगा, सांगलीची नवी तऱ्हा आहे."

आबांनी तो डोक्याला गुंडाळला. टाके नेमके कपाळावर आले. मी हसलो नाही, कारण चाबूक त्यांच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. आबांचा पटका डोक्याला बांधला, डाग पुढं येईल असा. भट्टी पेटवली, वाडगा घेतला, मैदा, वनस्पती आणि तेल त्यात घातलं, आणि कुणी "घोट" म्हणायच्या आत घोटायला लागलो.